युनियनच्या इतिहासात पावतीपुस्तकालाही जागा हवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दर मे महिन्यात वृत्तपत्रांतून कामगार चळवळीवर लेख येतात. लोखंडे, वाडिया, डांगे, दत्ता सामंत ही नावे येतात, १९२८ आणि १९८२ चे संप येतात. मग उत्तरादाखल पत्रे येतात की युनियनमुळेच मुंबईच्या गिरण्या बुडाल्या, आता गोव्यातल्या औद्योगिक वसाहतींचेही तेच होणार. दोन्हीकडे संघटना म्हणजे संप, एवढेच धरून चाललेले असते. वर्गणीच्या पावत्या फाडणे, सभासदांचे रजिस्टर कंपनीच्या मस्टरशी जुळवणे, नोटिशीचे दिवस मोजणे, ही कामे त्यात कुठेच नसतात. आम्ही हीच कामे करतो, म्हणून हे लिहीत आहोत. शिवाय आता हा नुसता इतिहासाचा प्रश्न राहिलेला नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे आणि गोव्यातल्या कारखान्यात कोणत्या युनियनशी बोलणी व्हायची, हे यापुढे मोजणीवर ठरणार आहे.

मोजणी नसली की काय होते ते मुंबईत फार आधी दिसले होते. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी गिरणीची कंपनी काढली, आणि पुढच्या तीस वर्षांत परळ-लालबागचा गिरणगाव उभा राहू लागला. काम सूर्योदय ते सूर्यास्त, आठवड्याची सुट्टी नाही, पगार महिना उलटून गेल्यावर कधीतरी. नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ मध्ये सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार केले. त्यातल्या मागण्या आजही वाचण्यासारख्या आहेत: रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत आणि कामावर जखमी झाल्यास भरपाई. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीला दहा हजारांची सभा झाली, तिथे दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. १० जून १८९० ला रविवारची सुट्टी मान्य झाली. १८९१ च्या कारखाना कायद्यात साप्ताहिक सुट्टी आली. एवढे सगळे एका माणसाने, 'दीनबंधू' पत्राच्या आधारावर घडवले.

आणि तरीही मुंबईतल्या कारखाना कायद्याच्या अंमलबजावणीच्या १८९२ च्या सरकारी अहवालात लोखंड्यांच्या मिलहँड्स असोसिएशन या गिरणी कामगारांच्या संघटनेबद्दल लिहिले आहे की तिच्याकडे सभासदांची यादी नाही, फंड नाही, नियम नाहीत. लोखंडे हे येईल त्या कामगाराला सल्ला देणारे गृहस्थ आहेत. शेरा खवचट आहे, पण खोटा नव्हता. १८९७ मध्ये लोखंडे गेले आणि त्यांच्या मागे काम पुढे नेईल असे दप्तर नव्हते.

यात दोष लोखंड्यांचा नाही. त्या काळी भरती, बदली, रजा, काम काढून घेणे हे सगळे जॉबरच्या, म्हणजे खात्यावरच्या मुकादमाच्या, हातात असे. कामावर लावायचे तर त्याला दस्तुरी (दलाली) द्यावी लागे आणि अडीनडीला कर्जही तोच देई. वर्गणी गोळा करायची तर ती त्याच्या डोळ्यांदेखत. पगार उशिरा मिळत असल्याने वाण्याची उधारी डोक्यावर. अशा माणसाकडून दरमहा चार आणे मागायचे म्हणजे त्याला जॉबरच्या नजरेत आणणे. त्यामुळे १९१८ पर्यंत मुंबईत जे झाले ते संप झाले, संघटना झाल्या नाहीत. विजेचे दिवे आल्यावर सूर्यास्ताची मर्यादा संपली, पाळ्या रात्रीपर्यंत लांबल्या, १९०५ मध्ये त्याविरुद्ध संप झाले. कापड गिरण्यांत पुरुषांसाठी बारा तासांची मर्यादा १९११ च्या कायद्याने घातली. पण ते लढे लढवणाऱ्या समित्या संप मिटला की विरून जात.

रीतसर सभासद, ठरलेली वर्गणी आणि पदाधिकारी असलेली पहिली युनियन २७ एप्रिल १९१८ ला मद्रासमध्ये बकिंगहॅम आणि कर्नाटिक गिरण्यांच्या कामगारांनी काढली. अध्यक्ष बी. पी. वाडिया. मालक बिन्नी कंपनीने कोर्टातून मनाई हुकूम आणला आणि नुकसानभरपाईचा दावा लावला. कामगारांना 'कामावर जाऊ नका' असे सांगणे हाच करार मोडायला लावण्याचा दोष ठरला. ना. म. जोशी यांनी १९२१ मध्ये केंद्रीय विधिमंडळात कामगार संघटनांच्या नोंदणीचा आणि संरक्षणाचा ठराव आणला, त्यातून १९२६ चा ट्रेड युनियन कायदा झाला आणि १ जून १९२७ पासून तो अमलात आला. या कायद्याने नोंदणीकृत संघटनेला कटाच्या आरोपापासून आणि अशा दिवाणी दाव्यांपासून संरक्षण दिले. बदल्यात दप्तर मागितले: सभासदांची यादी तपासायला खुली, फंड कोणत्या कामांसाठी खर्चता येतो त्याची यादी, राजकीय फंड वेगळा आणि ऐच्छिक, दरवर्षी तपासलेला हिशेब. १८९२ च्या अहवालात जे तीन नकार होते, तेच १९२६ मध्ये संरक्षणाची अट बनून आले.

१९२८ चा संप या कायद्यानंतरचा. विणकऱ्याने दोनऐवजी तीन माग चालवायचे, कताईवाल्याने सूतयंत्राच्या एकाऐवजी दोन बाजू सांभाळायच्या, म्हणजे तेवढ्याच कापडाला माणसे कमी, हे त्याचे मूळ. २६ एप्रिल ते ६ ऑक्टोबर, सुमारे दीड लाख कामगार बाहेर. इतके महिने टिकाव लागला त्याचे एक कारण असे की बरेच कामगार शेतीच्या हंगामाला कोकणात, घाटावर गावी गेले. सतरा मागण्या सरकारने नेमलेल्या फॉसेट चौकशी समितीपुढे गेल्या. गिरणी कामगार युनियनचे सभासद वर्षअखेर पन्नास हजारांवर पोचले आणि गिरणीगणिक समित्या झाल्या. पण मार्च १९२९ मध्ये कम्युनिस्ट कटाच्या मीरत खटल्यात पुढारी पकडले गेले, त्याच वर्षीचा दुसरा संप फसला आणि सभासदसंख्या आली तशी ओसरली. संपाच्या तापात भरलेला सभासद आणि साध्या महिन्यात वर्गणी देणारा सभासद यांत किती फरक आहे, हे यापेक्षा स्पष्ट कुठे दिसत नाही. आजही मागणीपत्राच्या वर्षी रजिस्टर फुगते आणि करार झाला की पावतीपुस्तक कपाटात जाते.

गोव्यात हे उलट्या क्रमाने झाले. सालाझारच्या राजवटीत, १९३३ नंतर, संप हा गुन्हा होता आणि मुक्त संघटनेला वाव नव्हता. १९ डिसेंबर १९६१ नंतर १९२६ चा ट्रेड युनियन कायदा आणि १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा तयार अवस्थेत आले. मुंबईत माणसांनी आधी झगडून संघटना केली आणि मग कायदा मिळवला. इथे कायदा आधी हातात आला आणि मग खाणी, बंदर, बार्जी, पुढे खत कारखाना, टायर कारखाना आणि वसाहती अशा क्रमाने संघटना झाल्या. याचा फायदा झालाच, पण सवय लागायची राहिली. वर्गणीची शिस्त मात्र गोमंतकीयांना नवी नव्हती. मुंबईतल्या गावोगावच्या कुडी, म्हणजे एकेका गावच्या गोमंतकीयांची सामायिक वसतिघरे, दरमहा वर्गणीवर आणि लिखित नियमांवर चालत. बोटीवरून उतरलेल्या खलाशाचा बिछाना आणि पेटी तिथे राहत असे. तीच शिस्त कारखान्याच्या युनियनमध्ये का उतरली नाही, याचा शोध कोणी अभ्यासकाने घ्यावा.

गिरणगाव आणि वेर्ण्याची औद्योगिक वसाहत यांत आणखी एक फरक आहे, ज्याचा विचार बाहेरून येणारे पुढारी करत नाहीत. परळचा कामगार गिरणीपासून चालत जाण्याच्या अंतरावर चाळीत राहायचा. गेटवरची सभा, चाळीतली बैठक, वाण्याचे दुकान सगळे एकाच वस्तीत. इथे कामगार पेडणे, सत्तरी, काणकोण, सावंतवाडी, कारवारहून कंपनीच्या बसने थेट गेटच्या आत उतरतो आणि आतूनच परत बसमध्ये चढतो. गेट मीटिंगला थांबला तर बस चुकते. त्यामुळे इथे खात्यानुसार प्रतिनिधी नेमण्यापेक्षा बसच्या मार्गानुसार नेमले तर वर्गणी नियमित येते: एका मार्गाला एक माणूस, एक पावतीपुस्तक. तीन पाळ्या असतील तर पाळीगणिक वेगळे पुस्तक द्यावे, कारण पाळी बदलली की पुस्तक एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातात जाते आणि स्थळप्रती हरवतात.

आता संहितेकडे. गोव्यात आजवर युनियनला मान्यता देण्याची सक्ती करणारा कायदा नव्हता. १९५८ ची शिस्तसंहिता होती, पण ती ऐच्छिक. मुंबईत १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एका युनियनला प्रातिनिधिक संघाचा, म्हणजे वाटाघाटीच्या एकमेव हक्काचा, दर्जा दिला आणि तिथे काय घडले ते ठाऊक आहे. १८ जानेवारी १९८२ ला सुमारे अडीच लाख कामगार दत्ता सामंतांबरोबर बाहेर पडले, पण वाटाघाटीचा कायदेशीर हक्क राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडेच राहिला. संप फसण्यामागे जुनी यंत्रे, यंत्रमागांची स्पर्धा, जमिनींच्या किमती अशी बरीच कारणे होती; तरी रस्त्यावरचे बहुमत आणि कागदावरची मान्यता वेगवेगळ्या हातांत असणे हे त्यातले मोठे कारण. (गोव्यातल्या खाणी २०१२ मध्ये आणि पुन्हा मार्च २०१८ मध्ये थांबल्या त्या सरकारी आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांनी, संपाने नाही, हेही जाता जाता नोंदवावे.)

संहितेत आकडे असे आहेत. नोंदणीसाठी अर्ज सात जणांनी करायचा, पण कामगारांपैकी दहा टक्के किंवा शंभर, यांतले जे कमी ते, सभासद हवेत; आणि सातच्या खाली कधीच नाही. म्हणजे १५०० कामगारांच्या कारखान्यात शंभर, २५० च्या कारखान्यात पंचवीस आणि चाळीस जणांच्या युनिटमध्ये दहा टक्के चार होत असले तरी सात. ही अट २००२ पासून जुन्या कायद्यातही होती. नवे आहे ते वाटाघाटीचे. मस्टरवरच्या ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा ज्या युनियनला, तीच एकमेव वाटाघाटी करणारी. कोणालाच ५१ टक्के नसतील तर किमान २० टक्के असलेल्या युनियनची मिळून परिषद. २५० च्या कारखान्यात ५१ टक्के म्हणजे १२८ माणसे. समजा एका युनियनकडे ९०, दुसरीकडे ६०, तिसरीकडे ४० आहेत. पहिल्या दोघी परिषदेत बसतात, तिसरीचे १६ टक्के भरतात म्हणून ती बाहेर, आणि उरलेले साठ कामगार कुठल्याच यादीत नाहीत. हे साठ जण ज्या बाजूला जातील त्यावर पुढची किमान तीन वर्षे ठरतात, कारण मान्यता तीन वर्षांसाठी असते आणि दोन्ही पक्षांच्या संमतीने पाचपर्यंत वाढते.

मग यादी कुठे फसते? पहिली चूक सह्यांच्या कागदाची. कोऱ्या कागदावर सह्या घ्यायच्या आणि मथळा नंतर लिहायचा ही आपल्याकडची जुनी खोड. सदस्यत्वाच्या पडताळणीत असा कागद टिकत नाही. सभासद अर्ज प्रत्येकाचा वेगळा हवा आणि त्यावर मस्टरवर आहे तसेच पूर्ण नाव, टोकन नंबर, खाते, कामाला लागल्याची तारीख, सहीची तारीख. टोकन नंबर नसला की नाईक, गावडे, गावकर ही आडनावे एकाच खात्यात चार-चार असतात आणि माणूस जुळत नाही. नाव मस्टरवर एक आणि आधारवर दुसरे असेल तर मस्टरवरचे धरावे, दुसरे समासात लिहावे. ओडिशा, बिहार, कर्नाटकातून आलेल्या कामगाराला मराठी अर्ज देऊन सही घेतली तर 'मला काय लिहिले ते कळले नव्हते' असे तो पुढे म्हणू शकतो; हिंदी किंवा कन्नड अर्ज छापायला काही फार खर्च येत नाही.

दुसरी चूक, सभासद होऊ शकत नाहीत त्यांना मोजण्याची. ॲप्रेंटिस कायद्याखालचे शिकाऊ हे संहितेच्या व्याख्येत कामगार नाहीत. पर्यवेक्षकाचे काम करणारा आणि महिना १८ हजारांहून जास्त वेतन घेणारा कामगार नाही. पण औषध कंपन्यांत सरसकट 'ऑफिसर', 'एक्झिक्युटिव्ह', 'ट्रेनी' अशी पदे दिलेली असतात, आणि तिथे घाबरून नावे गाळायची गरज नाही. पदाच्या नावाने काही ठरत नाही. माणूस प्रत्यक्ष यंत्र चालवतो की दुसऱ्यांच्या कामावर देखरेख करतो हे पाहिले जाते. नुसते 'ट्रेनी' म्हटल्याने कोणी ॲप्रेंटिस होत नाही, कायद्याखालचा करार आहे का ते विचारावे. ठरावीक मुदतीचा कामगार मात्र कामगारच. त्याची नोंद करताना मुदत संपण्याची तारीख लिहावी, नाहीतर पडताळणीच्या दिवशी तो मस्टरवर नसतो.

कंत्राटी कामगारांचा पेच सर्वांत मोठा. ते काम करतात कंपनीच्या लाइनवर, पण मस्टर कंत्राटदाराचे. कंपनीच्या ५१ टक्क्यांत त्यांची मोजणी सहजासहजी होत नाही, आणि कंत्राटदार बदलला की मस्टरच बदलते. यासाठी रजिस्टरमध्ये कंत्राटदाराचे नाव, परवाना क्रमांक आणि कंत्राटाची मुदत असे तीन रकाने वेगळे ठेवावेत. पुढे कोणी 'हा आमचा कामगारच नव्हता' म्हटले तर तोच पुरावा.

वर्गणी पगारातून कापून घेण्याची सोय कायद्यात आहे, पण कामगाराचे लेखी संमतीपत्र लागते. रोख वर्गणीपेक्षा हा मार्ग बरा, कारण नोंद कंपनीच्याच पगारपत्रकात राहते. तोटा हा की कोण सभासद आहे हे व्यवस्थापनाला पहिल्याच महिन्यात कळते. त्यामुळे नोंदणी होऊन पदाधिकारी ठरेपर्यंत पावतीपुस्तक, नंतर पगारातून कपात, हा क्रम ठेवावा. संरक्षित कामगारांची, म्हणजे वाद चालू असताना परवानगीशिवाय ज्यांना काढता येत नाही अशा पदाधिकाऱ्यांची, यादीही त्याच वेळी द्यावी: एकूण कामगारांच्या एक टक्का, कमीत कमी पाच, जास्तीत जास्त शंभर. १९५७ च्या केंद्रीय नियमांत यासाठी ३० एप्रिल ही तारीख होती. अनेक युनियन हे पत्र पाठवायचे विसरतात आणि सचिवाला निलंबनाचे पत्र मिळाल्यावर आठवण होते.

संपाच्या नोटिशीबद्दलही स्पष्ट लिहायला हवे. १९४७ च्या कायद्यात नोटिशीची सक्ती सार्वजनिक उपयोगितेच्या सेवांना होती, आता प्रत्येक कारखान्याला आहे. नोटीस दिल्यापासून १४ दिवस संप करता येत नाही आणि ६० दिवसांनंतर ती नोटीस निरुपयोगी होते. म्हणजे हातात पंधराव्या ते साठाव्या दिवसापर्यंतचा काळ. पण समेट अधिकाऱ्याने (वाद मिटवायला नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याने) पहिली बैठक घेतली की समेटाची कार्यवाही सुरू झाली असे धरतात, आणि ती चालू असताना व संपल्यावर सात दिवस संपाला बंदी. समेट फिसकटला तर अहवाल मिळाल्यापासून ९० दिवसांत कोणताही पक्ष थेट न्यायाधिकरणात जाऊ शकतो, कंपनीसुद्धा; पूर्वीसारखी सरकारने प्रकरण पाठवायची गरज राहिलेली नाही. तिथे प्रकरण चालू असताना आणि नंतर ६० दिवस पुन्हा बंदी. एकाच दिवशी ५० टक्के कामगारांनी ठरवून किरकोळ रजा टाकली तर तोही संप. बेकायदा संपाला एक हजार ते दहा हजार दंड किंवा महिन्यापर्यंत कैद, किंवा दोन्ही. संप करण्याचा हक्क कागदावर आहे, पण वापरायला मिळणारे दिवस हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे. आमच्या मते ही तरतूद अन्यायाची आहे. तरी ती बदलेपर्यंत नोटीस पोचल्याची तारीख आणि पहिल्या बैठकीची तारीख एकाच वहीत लिहिलेली नसेल, तर कामगारांना गेटबाहेर आणू नये.

म्हणून करारावर जोर द्यावा. आपण ज्याला १९४७ च्या कायद्यातल्या कलमावरून बारा-तीनचा करार म्हणतो, म्हणजे समेट अधिकाऱ्यासमोर झालेला, तो सगळ्या कामगारांना आणि नंतर लागणाऱ्यांनाही बांधतो. परस्पर केलेला फक्त सह्या करणाऱ्या पक्षांना. हा फरक संहितेतही राहिला आहे. दुसरे म्हणजे स्थायी आदेशांची, म्हणजे नोकरीच्या अटींच्या लिखित नियमांची, सक्ती आता ३०० कामगारांपासून आहे, पूर्वी केंद्रीय कायद्यात ती १०० पासून होती. वसाहतींतले बरेच कारखाने तीनशेच्या आतले. तेव्हा रजा, चौकशीची पद्धत, पाळीबदल, निलंबन काळातला भत्ता हे करारातच लिहून घ्यावे. नुसता पगारवाढीचा आकडा मिळवून उठू नये. चतुर्थीपूर्वी बोनस हेही करारात हवे. कायद्याने बोनस हिशेबाचे वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांत द्यायचा असतो, म्हणजे मार्चअखेर धरली तर ३० नोव्हेंबरपर्यंत. चतुर्थीला तो मिळतो तो प्रथेने किंवा कराराने. आणि अर्ज कुठे द्यायचा ते आधी पाहावे. खाणी आणि मुरगाव बंदर केंद्राच्या अखत्यारीत, त्यांच्यासाठी वास्कोचे केंद्रीय सहायक कामगार आयुक्तांचे कार्यालय. वसाहतींतल्या कारखान्यांसाठी पणजीचे राज्य कामगार आयुक्तालय. खाणीवरच्या कंत्राटी कामगारांचे अर्ज पणजीला जातात आणि तिथून परत येईपर्यंत महिने निघून जातात.

राज्याच्या कामगार आयुक्तांकडे आमच्या तीन मागण्या आहेत. सदस्यत्वाची पडताळणी तिन्ही पाळ्यांत घ्यावी आणि त्या दिवशी कंपनीच्या बसगाड्या अर्धा तास थांबवण्याचा लेखी आदेश काढावा. पडताळणीसाठी वापरलेल्या मस्टरची प्रत किमान पंधरा दिवस आधी प्रत्येक युनियनला द्यावी, आणि कंत्राटदारांची मस्टरे त्याबरोबरच मागवावीत. नोंदणीकृत युनियनची चालू यादी, शेवटचे वार्षिक विवरणपत्र कधी भरले त्या तारखेसह, सूचनाफलकावर लावावी. ती लागली की कागदावरच्या युनियन कोणत्या आणि चालू कोणत्या हे कामगारांना आम्ही सांगायची गरज उरणार नाही. त्यात आमची युनियन मागे दिसली तरी चालेल.

— युनियनचे दप्तर सांभाळणारे काही कामगार,
फोंडा आणि वेर्णा